दोराला हात

फादर कायतान वेदीवरून म्हणाले,
किनाऱ्यावरच्या त्या भावांना त्याने हाक मारली,
मासे पुरे, आता माणसं धरा.
सगळं देवळ मान डोलवत होतं.
मी एकटी बाकावर चुळबुळत.
रापणकाराची मुलगी मी,
जाळ्यात आल्यावर माशाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.
तारली आधी उडते, मग नुसते कल्ले हलवते,
मग तिच्या डोळ्यात ऊन साचून राहतं.

तरी हाक मला आली होती.
आवाज वगैरे काही नाही.
कर्लीच्या खाडीत नांगरलेली होडी
ओहोटी लागली की तोंड फिरवते,
कुणी हात न लावता,
तशी मी फिरले.

पहिलं शेवंती कुबलला सांगायला गेले,
बंधाऱ्याच्या दगडांवर, उन्हं उतरल्यावर.
पाठ करून गेले होते,
पाप, तारण, सार्वकालिक जीवन,
शिबिरात शिकवलं त्याच क्रमाने.
तिने कालवं फोडता फोडता ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "लुदू, माका बांगडो समाजलंस काय गो?"
आणि हसली.
मीही हसले.
घरी येऊन उशीत तोंड खुपसलं.
ती हसली म्हणून नव्हे,
माझ्या तोंडात ते शब्द सुकटासारखे वाळले होते म्हणून.

नारळी पुनवेनंतर रापण लागली.
दोन टोकांना दोन रांगा, टाचा वाळूत रुतलेल्या.
जाळं जवळजवळ काठाला आलं तेव्हा
हॉटेलाच्या बांधकामावरचा एक परका मजूर
धावत आला, दोर धरला,
फार तर दहा हात ओढला असेल.
वाटे पडले. त्यालाही पडला.
कुणीतरी कुरकुरलं.
पप्पा मान वर न करता म्हणाले,
"दोराक हात लायलो काय वाटो गावतलोच.
किती येळ लायलो, ता इचारूचा नाय."
पप्पा मिसाला नाताळातच येतात,
तेही दाराशी, खांबाला टेकून.
मी टोपली धरून उभी होते.
बांगडे पायावर पडत होते आणि मला भान नव्हतं.

शेवंतीकडे पुन्हा गेले. या वेळी पाठ काही नव्हतं.
म्हटलं, इनास बुडाला ते वर्ष आठवतं?
तुझ्याच काकाने त्याला उचलून आणलं.
मी देवाशी बोलणं टाकलं होतं.
एका पहाटे गुंडाळलेल्या दोरांच्या ढिगाशी बसले होते,
प्रार्थना कसली, दात आवळून.
कुणीतरी बाजूला येऊन बसलं.
दिसलं नाही.
वाळू तेवढी दबली.
माझ्याकडे एवढंच आहे, शेवंती.
शाबीत काही करता येणार नाही.

तिच्या हातातला कोयता थांबला होता.
भरतीचं पाणी दगडांत शिरलं, निघालं, शिरलं.

ती ख्रिस्ती झाली नाही.
सोमवारी नेहमीसारखी रवळनाथाला गेली
आणि तिथे इनासच्या नावाने एक पणती लावून आली.
त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही.
फादरना मी विचारलं नाही.

आज निघाले. सातपुड्यात, अक्कलकुव्याच्याही वर,
सिस्टरांचा दवाखाना आहे, आठ खाटांचा.
तिथे समुद्र नाही.
आईने माझ्या ट्रंकेत पवित्र पाण्याची बाटली ठेवली,
पप्पांनी ट्रंक जुन्या रापणीच्या दोराने बांधली,
गाठ तीनदा ओढून पाहिली, बोलले नाहीत.
शेवंती धावत आली, सुक्या जवळ्याची पुडी घेऊन.
"थयल्यांका तुझी भाषा कळतली?"
"नाय."
"मगे पयला आयक."

गाडी भरलेली. जवळ्याचा वास सगळीकडे.
कंडक्टरने नाक मुरडलं, तिकिटं काढली.
"कुडाळ?"
"पुढे," मी म्हटलं.
"कुडाळच्या पुढे ही गाडी जात नाही."
"माहीत आहे," मी म्हटलं. "कुडाळ द्या."