शेऱ्याचा रकाना

लिस्बनच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं:
महिनाअखेरपर्यंत सगळ्या सभासदांची
नव्याने संमती घ्या.
कोणती माहिती ठेवतो, कशासाठी, किती वर्षं,
आणि तिला कोणाकोणाचा हात लागतो,
हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगा.

समजेल अशा भाषेत.
मी बारेइरूच्या शाखेत नोंदी ठेवतो.
दोनशे बारा माणसं, चौदा रकाने,
शेवटचा शेऱ्याचा.
माझ्याआधीच्या चिटणिसाने त्यात काय काय भरून ठेवलंय:
गुडघा अधू, जिन्याचं काम देऊ नये.
भावाशी बोलणं बंद; दोघांना एका टेबलाशी बसवू नये.
वर्गणी देतो, पण ऐकवून देतो.
सातनंतर फोन करू नये, प्यालेला असतो.
(यातलं एकही खोटं नाही.
म्हणून तर पुसायचं.)

आणि जानेवारीत काय झालं, असं कोणी विचारलंच
तर तेही सांगावं लागेल:
सभेची सूचना एकाच मेलने सगळ्यांना गेली,
सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले,
कोणीतरी ती पुढे धाडली.
बेकरीत झासिंतूचा मालक नुसता हसला,
पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांत झासिंतूचं नाव नव्हतं.
बटणावर बोट माझं होतं.

गुरुवारी देओलिंदा आल्या.
शहाऐंशी वर्षांच्या, बुचाच्या कारखान्यात
हयात गेलेली.
अर्ज हातात घेतला, उलटा केला,
आधी कोरी बाजू पाहिली.
सवय, म्हणाल्या.
मग पर्समधून फोन काढला, नवऱ्याचा.
बेल्मीरूला जाऊन सहा वर्षं झाली
आणि पक्ष दर मार्चमध्ये त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो,
खाली लगेच वर्गणीची आठवण.
"सीमकार्ड मी चालू ठेवलंय," त्या म्हणाल्या,
"तुम्हीच तेवढे त्याचं नाव काढता."

"आता काढतो नाव," मी म्हटलं,
आणि ते कसं ऐकू आलं
ते मला उशिरा कळलं.

"हे सगळं वाचतं कोण?"
मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
नियमात बसतं का, पाहिलं नाही.
बेल्मीरूचा शेरा:
सभेत बोलत नाही. शेवटी खुर्च्या मात्र तोच उचलतो.
त्यांनी दोनदा वाचला. ओठ हलले.
"पूस," म्हणाल्या. "झालं माझं."

शाखेत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे:
बासष्ट साली, जिन्यावर गुप्त पोलिसांचे बूट वाजत असताना,
सिगारेटच्या कागदावरची अकरा नावं
त्यांनी चावून गिळली.
चार दिवस उभं ठेवलं त्यांना, झोपू दिलं नाही.
नावं पोटातच राहिली.

"आता तरी सांगा," मी म्हटलं,
"कुठेतरी नोंद राहील. अकराही जण गेले ना आता?"
"गेले," त्या म्हणाल्या.
"मग त्यांची संमती आणणार कुठून?"

अर्जावर नाव लिहिलं, सही केली.
फोनचा रकाना कोरा.
पत्त्याच्या जागी एक बारीक रेघ.
घर तुला माहीत आहे, म्हणाल्या,
आणि काठी शोधू लागल्या.

रकाना मी सरळ निवडला, वरपासून खालपर्यंत,
दोनशे बारा शेरे एकदम.
यंत्राने विचारलं, नक्की ना?
बाहेर नदीवर बोटीचा भोंगा झाला.
हो म्हटलं.

आमची कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.
उतरताना मी त्यांच्या एका बाजूला राहिलो,
दर पायरीला खांदा पुढे करत.
गुडघा कोणता,
ते इथे लिहीत नाही.