धुळाक्षरं

रानफुलं हवी असतील
तर आधी माती गरीब करावी लागते,
हे मी ट्यूडरला सांगितलं
तेव्हा तो खिडकीशी बसून पावाला लोणी लावत होता.
छातीवरचे टाके अजून ताजे.
ओझं उचलायला मनाई, वाकायला मनाई,
बोलायला नव्हती.

"तीस वर्षं खत घातलंय या हिरवळीला.
तीस वर्षं, मेनिर."

खोटं नव्हतं ते.
हिरवळीच्या कडा तो कात्रीनं कापायचा.
डेझी दिसली की सुरी, आणि मुळासकट.
पोरांचा चेंडू आत आला तर परत मिळायचा,
पण व्याख्यानासकट.

मी म्हटलं, सुबत्ता सोसत नाही काहींना.
माजलेलं गवत कुणाला डोकं वर काढू देत नाही.
तो पावाकडे बघत राहिला.
खाणीत आयुष्य गेलेल्या माणसाला
गवताबद्दल हे ऐकवायला नको होतं, कदाचित.

सप्टेंबरात कुदळ घेतली.
सतरंजी गुंडाळावी तशी हिरवळ गुंडाळली,
वळकट्या भिंतीशी रचल्या.
खालची माती काळी, तेलकट, त्याच्या तीस वर्षांनी गच्च.
तीही वीतभर काढली.
उरलं ते फिकट, खडीचं, पाटीच्या दगडाच्या चुऱ्याचं,
आमच्या डोंगराचं खरं अंग.
श्रीमती प्रॉसर भिंतीवरून डोकावल्या,
"तब्येत बरी आहे ना?" म्हणाल्या
बागेकडे बघत.

त्या उघड्या मातीवर
गवताचं थोडं, हलकं बी टाकलं, आणि पिवळा खुळखुळा.
हे फूल गवताच्या मुळांना गुपचूप तोंड लावतं,
रस चोरतं, गवताचा तोरा उतरवतं.
ट्यूडर म्हणाला, "चोर पेरतेयस."
हो, म्हटलं. पगारी.

मग एक रोवन, एक रानसफरचंद,
दोन्ही काठीएवढी,
दोघांनाही तो "तुझ्या छड्या" म्हणायचा.
जुनं मोरीचं भांडं जमिनीत पुरून तळं,
त्यात चढायला-उतरायला दगडाची पायरी
(पायरी त्याने सांगितली. मला सुचली नव्हती).
कोपऱ्यात कुजका ओंडका, कुणी हलवायचा नाही.

हिवाळाभर काही झालं नाही.
म्हणजे चिखल झाला.
मी रात्री जागून विचार केला,
चांगलं होतं ते मोडलं का मी.

फेब्रुवारीत तळ्यात बेडकाची अंडी.
जूनमध्ये फुलं, आधी विरळ, लाजल्यासारखी,
आणि जुलैत एका सकाळी
ट्यूडर बागेत उभा, अनवाणी,
वाळलेल्या शेंगा बोटानं हलवत.
खुळ् खुळ्.
मला पाहून थांबला.

हेजहॉगसाठी कुंपणाला भोक पाडायची कल्पना त्याचीच.
प्रॉसरबाईंची परवानगी त्यानेच आणली, कशी ते सांगत नाही.
वितीला कमी, चौकोनी,
खडूनं असं आखलं की
पाटीचा दगड सोलायचा आहे जणू, रेषेचीही चूक नको.
करवत मी चालवली.
मग भोकाशी एक रुंद पाटी ठेवली,
तिच्यावर चाळणीनं पीठ भुरभुरलं, पातळ, सगळीकडे सारखं.
येईल त्याचे पाय उमटतील.

पहिल्या रात्री मांजर.
दुसऱ्या रात्री मांजर, परतताना.
तिसऱ्या रात्री पाऊस, सकाळी कणीक.
असं चालू राहिलं. प्रॉसरबाई रोज विचारू लागल्या, "आलं का?"

अकराव्या सकाळी तो पाटीपाशी ओणवा,
डॉक्टरनं सांगितलं होतं त्याच्या बरंच खाली.
पिठात बारीक बोटं. वेडीवाकडी ओळ,
मध्येच गिरकी, एक शेपटीची रेघ,
धुळाक्षरं गिरवताना पोराचा हात थरथरावा तशी.

"उंदीर आहे," मी म्हटलं.

"असेना का," ट्यूडर म्हणाला,
"कुणीतरी सुरुवात करायला हवी,"
आणि पाटी न पुसता
दुसरी पाटी आणि चाळण मागितली.