गिरमीट

ऑकलंडच्या विमानतळावरून निघालो तेव्हा
बिसुनदेवने विचारलं, बॅगेत एवढं जड काय?
निबंध, म्हटलं. स्थलांतरावर. उद्या वाचायचेत.
कितीला देता एक?
मी हसलो. तो नाही.

लंबासाला ऊस होता त्यांचा. जमीन खंडाची.
मुदत संपली त्या सकाळी मालक आला,
सोबत बसून यंगोना प्यायला, रडलासुद्धा.
विहीर मात्र आजाने खणलेली,
ती कुठे भरायची ट्रकात?
पोहरा तेवढा आणलाय. गॅरेजमध्ये असतो,
बायको त्यात कांदे ठेवते.

आजा गिरमीटवर आलेला, म्हणाला.
पाच वर्षांचा करार. अंगठा उठवला अन् जहाज.

माझ्या भाषेत गिरमीट म्हणजे
लाकडाला भोक पाडायचं सुताराचं हत्यार,
हे मी त्याला सांगितलं नाही.
निबंधात मात्र लगेच घालून टाकलं
मनातल्या मनात, पान सातवर.

सिग्नलला आरशात बघत त्याने विचारलं,
परत जाणार ना तुम्ही?
गुरुवारी.
बरं आहे, म्हणाला.
मग बराच वेळ नुसते वायपर.

उतरताना सुटे मोजून दिले त्याने,
वर म्हणाला, पावती देऊ?
संस्था भरत असेल ना तुमचे.