सलमाबादचं गॅरेज

मी गाडीखाली, पुठ्ठ्यावर पाठ टेकून.
शहादत वर, सीटवर, उजवा पाय पेडलवर.
मधे बोटाहून बारीक नळी
आणि तिच्यात मधाच्या रंगाचं तेल.
"मारो." तो मारतो, तीनदा.
"पकडो." तो धरून ठेवतो.
मी निपल पाव आटा सैल करतो
आणि ट्यूबमधून बाटलीत बुडबुडे येतात,
पाण्याखालून कुणी काही सांगू बघतंय तसे.

हवा काढायची, एवढंच काम.
तेल दाबलं जात नाही, मिळालं तेवढं पुढे देतं.
हवा सगळं आपल्याच पोटात घेते,
मग पेडल भुसभुशीत लागतं
आणि चाकाला काही कळतच नाही.
शुक्रवारी मी घरी फोन लावतो.
"बरंय ना?"
"बरंय. तुमचं?"
"बरंय."
भुसभुशीत.

खारकर सरांनी नववीत
दुधाच्या पिशवीत पाणी भरून टाचण्या मारल्या होत्या.
पिशवी दाबली. धारा उडाल्या चहूकडे, सारख्याच जोराने,
एक थेट हजेरीपटावर.
त्या दिवशी माझी हजेरी पुसली गेली.
मी होतो. मागच्या बाकावर, भिजलेला.
मी विचारलं, सर, मग बोटाच्या जोरावर बैल उचलेल?
उचलेल, ते म्हणाले, पण फुकट नाही.
लहान दट्ट्याला लांब जावं लागतं,
तेव्हा मोठा जरासा वर येतो.
परीक्षेत आकृती काढली,
तीनपैकी दोन मिळाले. एकक लिहायचं राहिलं.

आता रोज लिहितो, जॅकच्या दांड्याने.
हात वीसदा खाली,
लँडक्रूझर चार बोटं वर.
घरी स्लॅब पडलाय.
जिना अजून नाही,
आई गच्चीवर शिडीने चढते म्हणे, वाळवण घालायला.
मी किती लांब आलो ते
दाभोळच्या खाडीपासून मोजायचं
की लग्नाच्या तारखेपासून,
ते सर सांगायचे राहिले.

ऑगस्टची दुपार. फरशीसुद्धा घाम गाळतेय.
मागचं डावं चाक.
"पकडो," मी म्हणालो,
आणि ट्यूबमधलं तेल कापायला लागलं.
सरळ येईना. थरथरत, तुटत, पुन्हा येत.
बुडबुडा एकही नव्हता.
पाना धरलेल्या माझ्या बोटांत
त्याचा पाय हुंदके देत होता.

"शहादत?"
वरून काही नाही.
निपल बंद होईपर्यंत पाय सोडायचा नाही,
सोडला तर हवा परत आत शिरते,
हे मीच त्याला शिकवलेलं.
त्याने सोडला नव्हता.
मी आटा आवळला.
"उस्ताद, छोडूँ?"
"छोड."
सीटची स्प्रिंग करकरली.
मग फक्त पंख्याचा आवाज.
"सुबह फोन आया था," तो म्हणाला. "फेनी से।"
पुढचं मी विचारलं नाही.
गाडीखाली पडून राहिलो,
हातावरचं तेल पुसत. हे तेल रंग खातं,
कातडीचं काय करतं ठाऊक नाही.

मग म्हणालो, "आ, तू नीचे लेट. मैं मारता हूँ।"
शेवटचं चाक आम्ही तसं केलं.
तो खाली, मी वर,
आणि हाका तो देत होता.

संध्याकाळी मालक आला.
गाडी फाटकापर्यंत नेली, ब्रेक दाबला.
गाडी थांबली,
नाक जरासं खाली झुकवून.
"तमाम," तो काचेतून म्हणाला.