एक मैल कालवा

ओपल, आमचं खेचर, आज तबेल्यातच.
उजव्या खुरात गळू झालंय, डॉक्टर सोमवारी येणार.
म्हणून होक्स्टेटलर बाईंची चौथीची मुलं, अठ्ठावीस,
सोबत दोघींच्या आया, एक इनहेलरची पिशवी,
ह्या सगळ्यांनाच मी दोराला जुंपलंय.

ओढा, म्हणतो. सावकाश. ताशी दोन मैल,
खेचर याहून घाई करत नसे.
बोट आधी हलतच नाही.
मग पाण्याला काय वाटतं कोण जाणे.

मी अठराशे बेचाळीस सालचा कुलूपवाला.
लोकरी बंडी, कथलाची बटणं, मे महिन्याचा घाम.
बंडीच्या आत बीपीची गोळी
आणि फोन, आवाज बंद करून.
तिकीटघरातला पोरगा बजावतो, सालाच्या बाहेर बोलायचं नाही;
विमान गेलं तर म्हणायचं, केवढा पक्षी!
एकोणीस उन्हाळे मी हा पक्षी बघतोय.

कालवा मैलभरच उरलाय.
खालच्या टोकाला गाद्यांच्या दुकानाचं पार्किंग,
वरच्या टोकाला काँक्रीटची भिंत, भिंतीवर कासवं.
बोट जाते, वळते, परत येते.
मुलांना सांगतो, हे पाणी सरोवरापासून थेट नदीपर्यंत जायचं,
गहू, व्हिस्की, डुकराची चरबी घेऊन,
आणि दर कुलपापाशी माझ्यासारखा एक जण
शिंग वाजलं की झोपेतून उठायचा.

आता सगळे बोटीत.
मागची दारं लोटायला सहा जण उतरतात,
पाठ लावून, उलटं चालत.
मी वरची झडप उघडतो आणि सगळे गप्प होतात.
कितीही दंगेखोर वर्ग असो, इथे गप्प होतो.
ओली भिंत खाली सरकू लागते,
शेवाळ, लोखंडी कडी, पाथरवटाची खूण,
आणि मग ध्यानात येतं, भिंत जागच्या जागीच आहे,
आपण वर येतोय.
कुणी उचललं नाही. नुसतं पाणी आलं.

ट्रेव्हन विचारतो, तुमच्याकडे बाथरूम होतं का?
ओक्साना विचारते, खेचर मेलं की काय करायचे?
दुसरं आणायचे, म्हणतो.
कातडं विकायचे, ते गिळतो.

मग मेनुका, वर्षभरात एकदाही हात वर न केलेली,
दोराचे वळ उठलेला तळवा वर करते:
तुम्ही आधी कोण होता?

बाईंनी सॉरी म्हणायला तोंड उघडलेलं.
मी झाडांवरून दिसणारी चिमणी दाखवली.
तिथे, म्हटलं. टायर. बत्तीस वर्षं, रात्रपाळी.
साल मोडलं माझ्या हातून, पहिल्यांदाच.
ती म्हणाली, माझे आजोबा पण आधी दुसरे होते.
भूतानमध्ये. त्यांची संत्र्यांची बाग होती.
आता ते तिसऱ्या मजल्यावर असतात.

कुणी हसलं नाही. बोट काठोकाठ आली होती.

पिवळी बस गेल्यावर मी एकटा दोर गुंडाळत होतो.
वळ माझ्याही हातावर आहेत, पण ते जुने, रबराचे.
तबेल्यात जाऊन ओपलला सफरचंद दिलं.
बंडीच्या खिशात पार्कचं पत्र आहे, दोनदा वाचलेलं:
पुढच्या वसंतात कारखान्याची एक शेड उघडतोय, मुलांसाठी.
भट्टी दुरुस्त होतेय, विझलेलीच राहील.
सन चौऱ्याहत्तर. तुम्ही ते साल कराल का?
पोशाख आम्ही देऊ.

पोशाख आहे माझ्याकडे.
निळा शर्ट, खिशावर लाल दोऱ्यात वर्न.
बायकोने कधीचा घडी करून ठेवलाय, जळक्या वासासकट.
तो वास धुऊन जायचा नाही, हे तिला माहीत होतं.

फक्त कुणी विचारलं, शिट्टी झाल्यावर तुम्ही कुठे जायचात,
तर काय म्हणायचं,
आणि तेव्हा एखादं विमान गेलं तर.