प्रत्येकी तेवीस किलो

न्हाणीघरातला वजनकाटा
डिसेंबरपासून दिवाणखान्यात आहे.
डीट्रिख आधी नुसता उभा राहतो,
मग बॅग कवेत घेऊन.
माणूस वजा केला की उरतं ते सामान,
हे गणित अर्नोला फार आवडतं.

त्याचे स्केट्स : एक किलो आठशे.
‘तिथे बर्फ नसतं,’ मी म्हणते.
‘माहितीये,’ म्हणतो
आणि पुन्हा बॅगेत घालतो.
मी आईची इस्त्री बाहेर काढते.
स्केट्स राहू देते.

पियानो गेला दोनशे डॉलरला.
फ्रीझर थीसनांकडे, आतल्या अर्ध्या डुकरासकट.
कुत्र्याचं अजून ठरत नाही.
चर्चच्या तळघरात आमचे फोटो छापून आले,
चौघं, एकाच रंगाचे स्वेटर,
खाली : यांच्यासाठी प्रार्थना करा.
आता या गोठलेल्या सपाटीवर, मॅनिटोबात,
चाळीस घरांच्या फ्रिजवर आम्ही
लोहचुंबकाखाली,
दंतवैद्याच्या तारखेशेजारी.
परवा हेल्गा पेनरकडे कॉफी प्यायला गेले
तर मीच माझ्याकडे बघत होते,
सगळं ठाऊक असल्यासारखी हसत.

गुरुवारी रात्री रावाका शिकवते.
मादागास्करची पोर, विनिपेगला शिकायला आलेली,
फोनच्या पडद्यावर दोन टोप्या घालून बसते.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
‘आमचं चर्च तुमच्या गावाहून जुनं आहे हं.’
कुणी काही बोललं नाही.
मग डीट्रिखने, जो पंप दुरुस्त करतो,
हळूच विचारलं,
‘पण पंप तर बिघडत असतील?’
‘पंप बिघडतात,’ रावाका म्हणाली,
आणि आम्हाला इतकं हायसं वाटलं
की माझी मलाच लाज वाटली.

तिच्या भाषेत शब्द दोन आहेत.
इसिका म्हणजे आपण, ऐकणाऱ्यालाही धरून.
इझाहाय म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून.
आमच्या प्लाटडॉइचमध्ये एकच,
एकच मोठा जुना कोट,
सगळे त्यात मावतात असं धरून चालायचं.
‘प्रार्थनेत कुठला?’ मी विचारलं.
‘आम्ही. “आपल्याला क्षमा कर” म्हणालात
तर देवही पापात भागीदार झाला.’
लोटे खो खो हसली,
दोन दिवस घरभर देवाला क्षमा करत फिरली.

रविवारी बाबा येतात.
जा म्हणाले नाहीत, जाऊ नका म्हणाले नाहीत.
खिडकीशी बसतात, बशीत कॉफी ओतून,
बॅगांकडे बघतात
जशी दुसऱ्याची गुरं बघावीत.
आज उठले, बूट काढले
आणि काट्यावर उभे राहिले, कशासाठी कोण जाणे.
एकसष्ट.
अर्नोने लगेच हिशेब केला :
‘तीन बॅगांत आजोबा बसतात,
वर आठ किलो उरतात!’
बाबा हसले. खरंच हसले.
मी स्वयंपाकघरात गेले,
नळ सोडला, बंद केला.

जेवताना म्हणाले, ‘तारीख?’
‘सत्तावीसला निघतो,’ मी म्हणाले,
त्याच आमच्या एका शब्दात,
आयुष्यभर वापरलेल्या,
आणि पहिल्यांदा मला ऐकू आलं
की त्यात ते नाहीत.
त्यांनाही आलं असावं.
किंवा त्यांना ते कधीचंच येत होतं,
व्याकरण न शिकता.

बटाटा काट्याने नीट दोन भागांत मोडला त्यांनी.
मग म्हणाले,
‘त्या दिवशी उणे तीस असेल.
गाडी तासभर आधी सुरू करून ठेवू.’

ठेवू, म्हणाले.
कोण कोण, ते मी विचारलं नाही.