ग्रिम्सबी, दुकान बंद करताना

धुरकट हात ॲप्रनला पुसत मॉरीनबाई विचारतात,
"फुकट? मग आहे तरी कुणाचं ते?"
"सगळ्यांचं," मी म्हणते.
"म्हणजे मोडलं तर फोन कुणाला लावू?"

याचं उत्तर कोटेशनमध्ये नाही.

जुनी साइट कीथने मापं घेऊन शिवलेली,
एकाच अंगाची.
कीथ मार्चमध्ये गेला.
मुलीने पेनड्राइव्ह दिला, बिस्किटांच्या डब्यातला.
काल शिवण उसवत बसले होते,
तर चारशेबाराव्या ओळीपाशी त्याची टीप:
शुक्रवारी हॅडकचा भाव वाढवू नये,
मॉरीनला आवडत नाही.

हजार अनोळखी हातांनी विणलेल्यात
असा शुक्रवार नसतो.
तो मलाच घालावा लागेल,
एक टाका.

"मला लावा," म्हणाले शेवटी,
आणि नंबर लिहून दिला
मासे बांधायच्या कागदावर.